सांगलीहून मुंबई : मे महिना, लेक आणि लोकल

कृष्णाकाठ | १४ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. लेक यंदा चौथीत आहे. १ मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली की आमची सुट्टी लागते ती जूनच्या मध्यापर्यंत. दरवर्षी कोकणात किंवा पन्हाळ्याला जाऊन येतो, उरलेली सुट्टी कुरडया-सांडग्यांत जाते. यंदा घरात जाहीर केलंय, मे महिना मुंबईत काढायचा. बाकीच्यांच्या पोरी मामाच्या गावाला जातात, आमचा मामाच डोंबिवलीत.

मी मुंबई पाहिलीय ती बदलीच्या कामाला, सासऱ्यांच्या आजारपणात आणि एका लग्नाला. म्हणजे स्टेशन, रांग, परत स्टेशन. समुद्र टॅक्सीच्या काचेतून दिसला तेवढाच. लेकीनं तर मुंबई फक्त टीव्हीवर तुंबलेली बघितलीय.

मला 'दोन दिवसांत मुंबई दर्शन' बस नको आहे. निवांत बघायचंय. कुठं जावं, कसं जावं, मे महिन्यात किती वाजता बाहेर पडावं? आणि एक नाजूक प्रश्न: भावाचं घर वन बीएचके आहे. वहिनी नोकरी करते, भाचा दहावीत गेलाय. इतके दिवस राहायचं तर कसं राहावं? भाऊ 'ये गं, विचारतेस काय' म्हणतो. वहिनी काही म्हणत नाही.

मिरज जंक्शन | १४ एप्रिल

मे महिन्यात मुंबई! तिथली माणसं चाकरमानी म्हणून इकडं पळून येत्यात आणि तुम्ही उलट्या गाडीत बसताय. सांगलीचं ऊन ४० असलं तरी कोरडं, सावलीत बसलं की संपलं. तिथं ३४ असतंय आणि अंगाला शर्ट चिकटून माणूस बेजार. गर्दी, घाम आणि वडापाव. वडापाव तर आपल्याकडंबी मिळतोय.

बघायचंच असेल तर पुणं बघा. सकाळी जाऊन रात्री घरी.

हळदबाजार | १४ एप्रिल

जंक्शनराव, तुमच्याकडनं हीच अपेक्षा होती.

ताई, रुमाल टाकून ठेवतो. आम्हालाही दिवाळीत जायचंय. वहिनीसाठी बेदाणे, भडंग न्या. ज्वारीचं पीठ नेऊ नका, डोंबिवलीत भाकरी कोण थापणार? तुम्हीच थापणार, आणि मग सुट्टी गॅसपुढं जाईल.

लेडीज डबा | १५ एप्रिल

मी मूळची कराडची, लग्नानंतर ठाण्यात. वीस-बावीस वर्षं लोकलनं ऑफिस केलं, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. लांबलचक होईल.

येताना महालक्ष्मी एक्स्प्रेसनं या आणि कल्याणला उतरा. सीएसएमटीपर्यंत जायचं, मग सामान घेऊन डोंबिवलीला उलट यायचं, असलं काही करू नका. कल्याणला गाडी पहाटे येते, तेव्हा लोकलही रिकाम्या असतात.

डोंबिवलीहून सकाळी आठ ते साडेदहा मुंबईकडे जाणाऱ्या फास्ट गाडीत मूल घेऊन चढायचं नाही. 'बघू, जमेल' नाही, जमतच नाही. दोन मार्ग आहेत. एक, सहाच्या आसपास निघा. दुसरा, अकरानंतर. मे महिन्यात मी पहिलाच सांगेन. साडेसातला बोरीबंदरला, म्हणजे सीएसएमटीला, उतरलात तर दोन-अडीच तास शहर तुमचं असतं, ऊनही तिरकं असतं. दुपारी एकच्या आत परतीच्या गाडीत. संध्याकाळी साडेपाचनंतर सीएसएमटीहून कल्याणकडे निघायची वेळ येऊ देऊ नका. आलीच, तर आठ वाजून जाईपर्यंत मरीन ड्राइव्हवर बसा.

डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल बघा, तिच्यात बसायला मिळतं. वेळ जास्त लागतो, पण तुम्हाला कुठे मस्टर गाठायचंय? मोबाइलवर रेल्वेचं तिकिटाचं ॲप टाकून घ्या, तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, तो आदल्या दिवशी बघायचा.

आता डब्यातली रीत. तुम्ही उभ्या असाल तर बसलेल्या बाईला विचारायचं, 'कुठे उतरणार?' ती 'घाटकोपर' म्हणाली की घाटकोपरला ती जागा तुमची. आणखी कुणी विचारलं तर तीच बाई सांगते, 'सांगितलंय.' हा शब्द पाळला जातो. लेकीलाही शिकवा.

आणि तो नाजूक प्रश्न. ताई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. वहिनी काही म्हणत नाही याचा अर्थ तिला हिशेब मांडायचाय. पाणी किती वाजता येतं, बाथरूम किती वाजता रिकामं हवं, दहावीच्या मुलानं अभ्यासाला कुठे बसायचं. हे तिला भावामार्फत विचारू नका. तुम्ही फोन करा. संपूर्ण महिना सलग राहू नका, मधे मधे दुसऱ्या नातेवाइकांकडे जाऊन या. आणि सकाळी तिच्या डब्याच्या वेळी तिच्या स्वयंपाकघरात 'मी करते गं' म्हणत शिरू नका. संध्याकाळी ती दमून येते तेव्हा कुकर लागलेला असू दे, त्यानं माणूस जिंकतं.

मिरज जंक्शन | १५ एप्रिल

बघा. म्हणजे सहाला उठून पळायचं, एकला घरी. ही सुट्टी का शाळा?

लेडीज डबा | १५ एप्रिल

शिक्षिकेला विचारा, सुट्टीत सहाला उठायची सवय मोडते का.

चाळकरी | १५ एप्रिल

गिरगावात जन्मलो, आता बदलापूरला राहतो. म्हणजे आमचंही उलटंच झालं आहे. कृष्णाकाठताई, तुमच्या सहाच्या गाडीनं सीएसएमटीला उतरलात की पहिल्या दिवशी कुठेही जाऊ नका. त्याच स्टेशनाभोवती फिरा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं बांधलेली ही इमारत, १८८८ च्या सुमारास पूर्ण झाली. २००४ पासून जागतिक वारसा. रोज लाखो माणसं तिच्यातून जातात आणि मान वर करत नाहीत, मीही करत नव्हतो. मुलीला सांगा, भिंतीवरचे प्राणी शोध. माकडं आहेत, मोर आहेत, खारी आहेत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह बसलाय, एकीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. कोरीवकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. समोर महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. दोन्हींच्या मधे उभं राहून कुठली जास्त आवडली ते मुलीलाच विचारा.

तिथून चालत हुतात्मा चौक. शेतकरी आणि कामगार, दोघांच्या हातात मिळून मशाल. चौथीच्या पुस्तकात नसेल तर तुम्ही सांगा संयुक्त महाराष्ट्र कसा मिळाला ते, तुमचं कामच आहे. मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं गॉथिक. पश्चिमेला वळणदार बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती, १९३० च्या पुढच्या. मधे पोरं क्रिकेट खेळतात. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. राजाबाई टॉवर १८७८ चा, कापसाच्या व्यापारातले बडे प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं पैसे दिले.

गिरगाव दुसऱ्या दिवशी. खोताची वाडी बघा, पण तिथं लोक राहतात हे लक्षात असू द्या, खिडकीत कॅमेरा घालू नका. जवळच केशवजी नाईक चाळ, १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती. चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे, १९२० साली अंत्यसंस्कार तिथेच झाले.

हळदबाजार | १५ एप्रिल

गॉथिक वगैरे ठीक. पण दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक बघितल्याशिवाय परत आलात तर सांगलीत घेणार नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. पुढं १८५३ मध्ये हीच मंडळी मुंबईला गेली आणि ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. तिकीट काढून मराठी नाटक बघायची सवय मुंबईला आपण लावली. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी, १६ एप्रिलला, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. त्यात आपला हात नव्हता, एवढं मान्य करतो.

पोवई नाका | १६ एप्रिल

चर्चा छान. पण सगळे इमारतीच सांगताय, म्हणून लिहितो. आमचं गाव जावळी तालुक्यात. वडील मुंबईला गिरणीत होते, लोअर परळला. आमच्या गावची एक खोली होती. गावानं घेतलेली, गावच्या पोरांसाठी. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर झोपायचा. ट्रंका भिंतीला एकावर एक. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबावर. खानावळी चालवायच्या त्या गिरणगावातल्याच बायका. त्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, १९७५ ला प्रेमा पुरव यांनी उभी केली. मुंबईत 'बघायला' कुणी गेलं नव्हतं, पण गावात एकही घर असं नव्हतं ज्याची मनीऑर्डर मुंबईहून येत नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. वडील काही महिने वाट बघून गावी आले, ते पुन्हा गेले नाहीत. आता त्या भागात मॉल आणि काचेचे टॉवर आहेत. कुठं कुठं चिमणी उभी दिसते. लोअर परळच्या पुलावरून जाल तेव्हा बघा.

दुसरं, मस्जिद बंदरला आणि वाशीच्या मार्केटला पाठीवर ओझी वाहणारे माथाडी बघाल. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातले किती आहेत ते बोलून बघा. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या चळवळीनं झाला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. नुसतं 'कुठलं गाव?' विचारा, माणूस ओझं उतरवून बोलतो.

तुमच्या लेकीला मुंबई परक्याची वाटू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

यवतेश्वर | १६ एप्रिल

पोवई नाका काका, साष्टांग.

माझी भर थोडी. मुलांना घेऊन जायचं तर कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आत सहाएक किलोमीटरवर, सोमवारी बंद. उघडायच्या वेळेलाच आत शिरा, कारण काळा दगड दहानंतर तापतो. शंभरावर लेणी आहेत. सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. तीन नंबरचं चैत्यगृह बघा आणि मग वर चढून पाण्याची टाकी बघा. डोंगरावर पडलेला थेंब न् थेंब कोरलेल्या पाटांतून टाक्यांत नेलाय. शेकडो भिक्खूंची वस्ती त्यावर जगत होती. जत-आटपाडीच्या माणसाला हे मुंबईतल्या कुठल्याही काचेच्या टॉवरपेक्षा भारी वाटेल, पैज. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलण्यापेक्षा ठाण्याहून घोडबंदरमार्गे बोरिवलीची बस बरी.

घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. आणि ऐरोलीला खाडीत फ्लेमिंगो मेपर्यंत असतात, बोटीचं भरती-ओहोटीच्या वेळेवर ठरतं, आधी चौकशी करा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलनं ऐरोली म्हणजे तुम्हाला जवळच.

कृष्णाकाठ | १७ एप्रिल

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! वहिनीला फोन केला. तासभर बोललो. पाणी सकाळी सहा ते साडेसात. भाच्याचा क्लास दुपारी, त्यामुळे सकाळी घर रिकामं हवं. म्हणजे आम्ही सहाला बाहेर पडणं तिलाही सोयीचं. मधे चार दिवस चुलतसासूबाईंकडे चेंबूरला. वहिनीनं सांगितलं, बेदाणे चालतील, हळद आणा, भडंग जास्त आणा.

लेकीनं वहीत यादी केलीय. पहिल्या नंबरवर पेंग्विन.

लेडीज डबा | १७ एप्रिल

पेंग्विन राणीबागेत, आणि राणीबाग बुधवारी बंद, तेवढं वहीत लिहायला सांगा. भायखळ्याला उतरून पूर्वेला. पेंग्विनची काच बघून झाली की त्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघायचं, तेही बुधवारी बंदच. १८७२ मध्ये उघडलेलं. मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतले धंदे, पगड्या, वस्त्या मांडल्यात. मुलं तिथे हरवतात.

कृष्णाकाठ | १५ मे

डोंबिवलीहून लिहितेय. घरात सगळे झोपलेत, मोबाइलवर टंकतेय, चूभूद्याघ्या.

यादी मागे पडलीय. सुरुवातीला मी एका दिवसात दोन-तीन ठिकाणं कोंबत होते. लेकीनं भायखळ्याच्या पुलावर बसकण मारली आणि म्हणाली, आई, आज एवढंच. तेव्हापासून एका दिवशी एकच गाव. हो, आम्ही 'गाव'च म्हणतो आता. आज भायखळा गाव, उद्या गिरगाव.

पेंग्विन बघितले. तिला आवडले, पण दगडी हत्ती जास्त आवडला. संग्रहालयाच्या बाहेर मोकळ्यात उभा आहे. घारापुरीच्या बेटावरचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हाच. मग घारापुरीला गेलो तेव्हा ती वाटेतल्या प्रत्येकाला सांगत होती, 'हत्ती इथं नाही, तो राणीबागेत आहे.' गेटवेहून लाँच, उतरल्यावर धक्क्यावरून छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या. माझा जीव मेटाकुटीला आला. पण आत गेल्यावर ती त्रिमूर्ती! वीसेक फुटांची, तीन चेहऱ्यांची. मी शाळेत चित्रातून शिकवलीय. चित्रात एकच गोष्ट येत नाही, ती म्हणजे अंधार. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, मग मधला चेहरा हळूहळू वर येतो. तिथल्या गार दगडावर टेकून बसलो. कितीतरी टोळ्या आल्या, सेल्फी काढून गेल्या.

पोवई नाका काका, लोअर परळच्या पुलावर गेलो होतो. चिमणी दाखवली. पण खरं ते लालबागला सापडलं. मे महिना म्हणजे तिथं मिरची-मसाल्याचा हंगाम. बायका घरून याद्या घेऊन येतात, मिरच्या निवडतात, भाजतात आणि समोरच कांडून घेतात. गल्लीत शिरताच शिंका सुरू. एका दुकानात हळकुंडाच्या पोत्याशी थांबले, भाव विचारला. दुकानदार म्हणाला, 'ताई, ही अस्सल सांगलीची आहे, बघून घ्या.' मी म्हटलं, 'मीही.' शेजारची बाई एवढी हसली! ती निघाली पाटणची. सासरे गिरणीत होते. तिनं आम्हाला तिच्या चाळीत नेलं, चहा दिला. दहा बाय बाराची खोली, वर माळा. लेकीनं माळ्यावर चढून घेतलं आणि खाली यायला तयार नाही.

दादरचं फुलमार्केट पहाटे बघितलं. ट्रकवर आपल्या जिल्ह्यातले नंबर. आपल्याकडे शेतात झेंडू तोडताना बघितलाय, तो रात्रीतून कुठं जातो ते आता कळलं.

'कुठे उतरणार?' लेकीला इतकं जमलंय की आता तीच माझ्यासाठी जागा 'सांगून' ठेवते. परवा एका बाईनं तिलाच विचारलं, कुठे उतरणार? ही ऐटीत म्हणाली, 'डोंबिवली. पण सांगितलंय.' कुणी सांगितलं नव्हतं.

बसचं मात्र महाग झालं. ९ मेपासून बेस्टचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालंय, एसीचं सहाचं बारा. लोकलचं अजून पाचापासूनच आहे, म्हणून आम्ही स्टेशनपासून जमेल तेवढं चालतो. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १० मेला, भुयारी मेट्रो बीकेसीपासून (वांद्रे-कुर्ला संकुल) पुढं वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत सुरू झाली. आम्ही नव्या नवलाईत जाऊन आलो. धारावी, शितलादेवी, दादर, सिद्धिविनायक. गार हवा, चकचकीत, जमिनीच्या पोटात. लेक म्हणाली, बाहेरचं काही दिसत नाही, लोकलच बरी. मला विचाराल तर घामानं निथळल्यावर मी मेट्रोच्याच बाजूची.

वहिनीचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: संध्याकाळचा कुकर माझ्याकडे. रविवारी तिला झोपू दिलं, भावाला मंडईत पाठवलं. काल तीच म्हणाली, मला सुट्टी मिळेल त्या दिवशी मलाही न्या. इतकी वर्षं सीएसएमटीला उतरतेय, सिंह-वाघ बघितलेच नाहीत.

मिरज जंक्शन | १५ मे

'मीही' हे बेस्ट होतं. बाकी माझं मत कायम आहे. माळ्यावर चढायला मिरजेतबी जुने वाडे आहेत.

चाळकरी | १६ मे

माळा वाचून आठवलं, आमचा माळा म्हणजे मुलांची अभ्यासिका, उन्हाळ्यात भट्टी. त्यावर झोपून आम्ही खालचं भांडण ऐकायचो. असो.

ताई, ससून डॉक राहिलं असेल तर मे संपायच्या आत उरका. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. १८७५ ची गोदी, पहाटे पाचला बोटी लागतात. फोटो काढायला मनाई असते, पायात जुनी चप्पल घाला, पोरीला वास सोसत असेल तरच न्या. कोळणींच्या वाटेत उभं राहू नका, त्या धक्का देऊन जातात आणि वर ऐकवतात.

यवतेश्वर | १६ मे

कान्हेरी झालं का? पैज लावली होती.

कृष्णाकाठ | १८ मे

कान्हेरी झालं, पैज तुम्ही जिंकलात. पण लेण्यांमुळे नव्हे, टाक्यांमुळेच. मे महिना, आमच्या शाळेत टँकरचं पाणी येतं असा हा काळ, आणि तिथं डोंगराच्या माथ्याशी टाक्यांत पाणी. लेकीनं पाटाच्या रेघेवर बोट फिरवत तो कुठून कुठे जातो ते शोधलं, एका टाक्यापासून दुसऱ्यापर्यंत. मी फक्त मागे मागे. शाळा सुरू झाल्यावर पाचवीला परिसर अभ्यासात हा पाट फळ्यावर काढणार आहे.

माकडांनी मात्र भडंगाची पिशवी पळवली. हळदबाजार, दोष तुमचा.

हळदबाजार | १८ मे

कान्हेरीच्या माकडाला सांगलीची भडंग कळली, आणखी काय पाहिजे. नाटकाचं बोला.

कृष्णाकाठ | ८ जून

परत आले. २६ मेला मुंबईत पाऊस लागला. एरवी जूनची ११ धरतात, यंदा मुंबईच्या नोंदीतला सगळ्यात लवकर. त्या दिवशी भुयारी मेट्रोच्या एका नव्या स्थानकात पाणी शिरल्याचं टीव्हीवर बघितलं. लेकीला 'तुंबलेली मुंबई' प्रत्यक्ष बघायची होती, भावानं दारच उघडू दिलं नाही. गॅलरीतून डोंबिवलीचा रस्ता बघण्यावर तिनं समाधान मानलं. मग चेंबूरचं उरकून निघालो.

नाटकाचं: शिवाजी मंदिरला सुट्टीतलं बालनाट्य बघितलं. सगळं नाट्यगृह पोरांनी भरलेलं, पडदा वर जायच्या आधीच शिट्ट्या. नाटक मला बेताचं वाटलं, लेकीला 'लै भारी'. नाट्यपंढरीच्या लोकांनी नाक मुरडायचं नाही, आपल्याकडे सुट्टीत बालनाट्याचे किती प्रयोग लागतात ते मोजा आधी.

वहिनीला एका शनिवारी ओव्हलवर नेलं. तिनं सुट्टी टाकली होती. सिंह-वाघ झाले, हुतात्मा चौक झाला, मग मैदानाच्या कडेला आम्ही तिघी चणे खात बसलो. वहिनी राजाबाई टॉवरकडे बोट करून म्हणाली, याच्या मागच्या रस्त्यावर माझं ऑफिस. नऊ बेचाळीसला इथून पळत जाते. वर घड्याळ आहे ते माहीत आहे, कारण उशीर झाला की तेच दिसतं. बाकीचा टॉवर आज बघितला.

मला वाटतं आम्ही तिच्यापेक्षा जास्त मुंबई बघितली ती फक्त आम्हाला मस्टर नव्हतं म्हणून. सांगलीत माझं तेच आहे. आयर्विन पुलावरून रोज जाते, १९२९ ची कोनशिला थांबून वाचलेली नाही. भाचा दहावीतून सुटला की पुढच्या मेमध्ये ती मंडळी आमच्याकडे येणार आहेत. हरिपूर, औदुंबर, सागरेश्वर. लेक आत्तापासून वही घेऊन बसलीय, मामीला काय काय दाखवायचं.

लेडीज डबा | ८ जून

वहिनींना माझा नमस्कार सांगा. नऊ बेचाळीस म्हणजे त्या आठच्या आधीची गाडी पकडत असणार. ठाण्याला मी त्याच डब्यात चढत असेन, कोण जाणे.

पोवई नाका | ९ जून

पाटणच्या त्या बाईंचं वाचून बरं वाटलं. चाळीचं नाव इथं लिहू नका, पण व्यक्तिगत निरोपात कळवाल का? आमच्या गावची खोली तिकडंच कुठंतरी होती.

कृष्णाकाठ | ९ जून

काका, निरोप पाठवलाय. त्यांच्या सासऱ्यांना जावळीवाल्यांची खोली आठवते म्हणाल्या, खालच्या मजल्यावरची.

विश्रामबाग | ९ जून

धागा आजच सापडला, एका बैठकीत वाचला. माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात, पण त्यांना एकदा मुंबई बघायचीय. आम्ही गणपतीनंतर जाऊ म्हणतोय. त्यांना झेपेल असं काय आहे? लोकलचं तर सोडाच.

कृष्णाकाठ | ९ जून

लोकल सोडू नका, वेळ निवडा. दुपारी बारा ते तीन गाड्या बऱ्याच मोकळ्या असतात, आणि ज्येष्ठांसाठी वेगळ्या जागा आहेत. अडचण गाडीत नाही, पुलांवर आहे. प्रत्येक स्टेशनवर जिना चढून पलीकडे जावं लागतं. काही ठिकाणी सरकते जिने, लिफ्ट आहेत, पण त्या नेमक्या कुठल्या टोकाला ते आधी विचारून ठेवा. सीएसएमटी त्यातल्या त्यात उत्तम, तिथं गाडी संपते, पूल चढायचा प्रश्नच नाही. बाहेर पडलं की समोर इमारत. वडिलांना तिथून टॅक्सीनं ओव्हलला न्या, मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर संध्याकाळी बसवा.

घारापुरी, कान्हेरी नको. घारापुरीला डोलीवाले आहेत, पण लाँचमधून चढ-उतर करतानाच गुडघ्याची परीक्षा होते. राणीबाग सकाळी चालेल, बाकं भरपूर आहेत. नाटक नक्की दाखवा, मात्र तिकीट काढताना मागची किंवा बाल्कनीतली जागा घेऊ नका, खालची आणि रांगेच्या टोकाची मागा, म्हणजे पाय लांब करता येतात.